वूफरचा फोम विरला? नवी रिंग मिलिमीटरमध्ये मागा

जुन्या स्पीकरची जाळी काढली आणि वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम बोट लावताच चुरा होऊन पडला, तर स्पीकर भंगारात काढायची घाई करू नका. कोन (हलून आवाज काढणारा शंकू), कॉइल (त्यामागची तारेची गुंडाळी) आणि मॅग्नेट शाबूत असतील तर नुसती कडेची रिंग बदलून तो पुन्हा वर्षानुवर्षं वाजतो. चिकटवण्याचं काम निगुतीचं असलं तरी अवघड नाही. खरी गोची होते ती रिंग आणताना. दुकानात "आठ इंचाचा फोम द्या" म्हटलं की आठ इंचाचा फोम मिळतो, पण घरी आल्यावर तो बसत नाही. कारण आठ इंच हे बाहेरच्या लोखंडी बास्केटचं, म्हणजे सांगाड्याचं, ढोबळ माप आहे. त्याच आठ इंचात एका कंपनीचा कोन 145 मिलिमीटरचा असतो, तर दुसरीचा 160 चा. रिंग मागायची ती मिलिमीटरमध्ये. मापं जुळली तरी कोनच्या कडेचा उतार जुळतो का, हे पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

फोम विरतो कशाने

हा फोम पॉलियुरेथेनचा असतो. त्यातल्या पॉलिएस्टर जातीच्या फोमचे रेणू हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. आधी तो चिकट होतो, मग बोटाला काळं लागतं आणि शेवटी भुगा होतो. पॉलिइथर जातीचा फोम ओलावा बराच सोसतो, पण ऊन आणि हवेतला ऑक्सिजन त्यालाही सोडत नाहीत. मुंबईत चार महिने हवा ओली असते आणि उरलेल्या दिवसांत खिडकीशी ठेवलेल्या स्पीकरवर दुपारचं ऊन येतं, त्यामुळे इथे कुठलाच फोम अमर नाही.

खरेदीच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे फोम मरतो तो वापराने नाही, तर वयाने. पेटीत न वाजता पडलेल्या स्पीकरचाही फोम विरतो आणि पाकिटात पडलेल्या रिंगचाही. "कंपनीचा ओरिजिनल माल, वीस वर्षांपूर्वीचा, पॅकबंद" असं कोणी कौतुकाने सांगितलं, तर तिथे हात आखडता घ्या. ताजी साधी रिंग त्यापेक्षा कधीही बरी. याच कारणाने पुढे लागेल म्हणून चार रिंगा घेऊन ठेवण्यातही अर्थ नाही.

आधी ड्रायव्हर तपासा

रिंगवर खर्च करण्यापूर्वी ड्रायव्हर, म्हणजे पेटीतून सुटा निघणारा तो स्पीकर, जिवंत आहे का ते पाहा. वायर सोडवून मल्टिमीटर टर्मिनलवर लावा. 8 ओमचा ड्रायव्हर साधारण 5.5 ते 7 ओम दाखवतो आणि 4 ओमचा 3 ते 4. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे, नाहीतर टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी विणलेली लवचिक तार तुटली आहे. तार सोल्डर करून जोडता येते, पण कॉइल गेली असेल तर हा मामला वेगळा.

मग दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या, म्हणजे कोनच्या मध्यावरच्या झाकणाच्या, भोवती सारख्या अंतरावर टेकवा आणि कोन हलकेच आत ढकला. खरखर जाणवली तरी लगेच निराश होऊ नका. फोम गेल्यावर कोन एका बाजूला कलतो आणि तेवढ्यानेही कॉइल घासते. कोन बोटांनी किंचित उचलून मध्यावर आणा आणि पुन्हा ढकला. आता मोकळा हलला तर ठीक. मध्यावर आणूनही घासत असेल, तर कॉइल तापून फुगली आहे किंवा स्पीकर आपटून मॅग्नेट सरकला आहे. अशा ड्रायव्हरला नवी रिंग लावणं म्हणजे पैसे पाण्यात.

फाटका फोम तसाच ठेवून मोठ्या आवाजात वाजवत राहणारे पुष्कळ असतात. कोनला कडेचा आधार नसला की कॉइल गॅपमध्ये, म्हणजे मॅग्नेटच्या अरुंद फटीत, वाकडी चालते आणि तिच्यावरचं इनॅमल खरवडतं. फोमला पहिली चीर दिसली की त्या दिवसापासून वाजवणं बंद.

मापं कशी घ्यायची

जुना फोम खरवडण्याआधी मोजा. उरलेल्या तुकड्यांवरूनच रोल, म्हणजे फोमचा तो अर्धगोल उंचवटा, किती रुंद आणि किती उंच होता हे कळतं. साधा व्हर्नियर 150 मिलिमीटरवर संपतो, म्हणून 300 मिलिमीटरची स्टीलची पट्टी घ्या. प्रत्येक व्यास एकमेकांना काटकोनात दोनदा मोजा, कारण जुना कागदी कोन थोडा लंबगोल झालेला असू शकतो.

मापं पाच लागतात: कोनचा बाहेरचा व्यास, रोलची आतली कड, रोलची बाहेरची कड, रिंगचं आतलं भोक आणि रिंगचा एकूण बाहेरचा व्यास. समजा, एका आठ इंची वूफरचा कोन 152 मिलिमीटर भरला. बास्केटवर फोम चिकटवायची सपाट पट्टी आत 178 वर सुरू होऊन बाहेर 198 वर संपते. याला लागणारी रिंग अशी: भोक 140 च्या आसपास, म्हणजे कोनवर चारी बाजूंनी 6 मिलिमीटर पट्टी चिकटायला मिळते. रोल 153 ला सुरू होऊन 178 ला संपतो, म्हणजे त्याची रुंदी साडेबारा मिलिमीटर. एकूण व्यास 197.

यात तडजोड कुठे चालते आणि कुठे नाही, ते लक्षात ठेवा. बाहेरचा व्यास दोन-तीन मिलिमीटर जास्त असेल तर कात्रीने छाटता येतो. भोक लहान असेल तरी चालतं, तेही कापून मोठं करता येतं. पण रोलची आतली कड कोनच्या व्यासापेक्षा लहान असेल तर ती रिंग परत करा. कोनची कड मग रोलच्या पोटाखाली शिरते, कोन हलला की आतून फोमला टोचते आणि महिन्याभरात तिथेच चीर पडते. बाहेरच्या अंगालाही तेच. रोल बास्केटच्या पट्टीवर चढला तर अर्धा रोल चिकटून बसतो आणि कोनची हालचाल कमी होते. रोलची रुंदी मूळ होती तेवढीच हवी. अरुंद रोलची रिंग बसते, दिसतेही छान, पण आवाज वाढवला की रोल ताणून सपाट होतो आणि बासच्या प्रत्येक ठोक्याला फट्ट असा आवाज येतो.

फोमचा मागमूसही उरला नसेल तर बास्केटवरच्या जुन्या गोंदाचा डाग आणि कोनवरची फिकट पट्टी पाहा. या दोन खुणांवरून पाचही मापं निघतात. रोलची उंची मात्र जोडीतल्या दुसऱ्या स्पीकरवरून काढा.

कडेचा उतार

गफलत होते ती बहुतेक इथेच. काही कोन कडेला येऊन सपाट होतात, त्यांना चारी बाजूंनी जमिनीला समांतर अशी अरुंद किनार असते. काही कोन उतरत्या अंगानेच संपतात. पहिल्याला सपाट ओठाची (ओठ म्हणजे रिंगची कोनला चिकटणारी आतली पट्टी) रिंग लागते, दुसऱ्याला तिरप्या ओठाची. स्टीलची पट्टी कोनच्या काठावर आडवी धरून बाजूने डोळा लावा. शेवटच्या पाच-सहा मिलिमीटरमध्ये पट्टी आणि कोन यांच्यामधून उजेड फाकत गेला तर उतार आहे, पट्टी टेकून राहिली तर किनार सपाट आहे.

उतरत्या कोनवर सपाट ओठ बळेच दाबून चिकटवला तर ओठ पिळवटतो, रोल वर उचलला जातो आणि कोन मूळ जागेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर बसतो. कॉइल गॅपच्या मध्यापासून सरकते. आवाज ऐकायला ठीक वाटतो, पण बास आला की लवकर फाटतो, आणि दोष दिला जातो अँप्लिफायरला.

रिंग कोनच्या पुढून चिकटवली होती की मागून, तेही पाहा. मागून असेल तर नवीही मागूनच लावणं उत्तम. पुढून लावली तर कोन फोमच्या जाडीएवढा खाली बसतो. जाडी जेमतेम एक मिलिमीटर, त्यामुळे बहुतेक वूफरना ते खपतं. पण मागचा उतार आणि पुढचा उतार यांची रिंग सारखी नसते, म्हणून दुकानदाराला आधीच सांगा.

फोमच्या जागी रबर?

"रबर लावा, आयुष्यभर बघायला नको" हा सल्ला बाजारात हमखास मिळतो. रबर टिकतं हे खरंच. पण त्याच मापाची रबरी रिंग फोमपेक्षा कित्येक पट जड असते. तिचं बरंचसं वजन कोनबरोबर हलतं. हलणारं वजन वाढलं की स्पीकरची संवेदनशीलता कमी होते, म्हणजे त्याच व्हॉल्यूमला आवाज दबका येतो आणि रेझोनन्स, म्हणजे कोन ज्या स्वराला सर्वात सहज हलतो तो स्वर, खाली सरकतो. पेटी आणि क्रॉसओव्हर (जाड-बारीक आवाज वेगवेगळ्या ड्रायव्हरना वाटून देणारं सर्किट) मूळ फोम गृहीत धरून बनवलेले असतात. हलक्या कोनच्या जुन्या वूफरमध्ये हा फरक सहज ऐकू येतो. मूळ फोम होता तिथे फोम, मूळ रबर होतं तिथे रबर. चार इंचाहून लहान ड्रायव्हरला तर जड रबर लावूच नका.

कापडी कडेची गोष्ट वेगळी. पीएच्या, म्हणजे सभा-समारंभातल्या, मोठ्या स्पीकरमध्ये चुण्या घातलेलं, लेप दिलेलं कापड असतं आणि ते विरत नाही. बोस कंपनीच्या 901 या स्पीकरमध्ये पहिल्या दोन सिरीजना कापडी कडा आहेत, तिसरीपासून फोम. तेव्हा 901 साठी रिंगा शोधण्याआधी पेटीमागची सिरीज वाचा. एका पेटीत नऊ ड्रायव्हर असतात, म्हणजे जोडीला अठरा रिंगा.

कुठे मिळेल

पहिला थांबा लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्याला ते सांगून उपयोग नाही. रविवारी बहुतेक शटर खाली असतात आणि इतर दिवशी अकराच्या आत गेलात तर चहा पीत थांबावं लागेल. स्पीकरचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे कोन, स्पायडर (कॉइलला मध्यावर धरणारी चुणीदार चकती), डस्ट कॅप, कॉइल आणि फोम सगळं एकाच काउंटरवर मिळतं. रिंगला तिथे कोणी सराउंड म्हणतं, कोणी एज, कोणी नुसतं फोम.

शक्य असेल तर ड्रायव्हरच घेऊन जा, कोनवर पुठ्ठ्याची चकती बांधून. बारा-पंधरा इंची धूड लोकलमधून नेणं जमणार नसेल, तर जाड कागदावर कोनची कड आणि बास्केटची पट्टी पेन्सिलने उतरवून घ्या, पाचही मापं त्यावरच लिहा आणि कडेचा उतार दाखवणारा एक फोटो मोबाईलमध्ये ठेवा. काउंटरवर रिंग त्या कागदावर ठेवून पाहा. रिंग ठेवल्याशिवाय "बसेल हो, सगळ्यांना बसतो" यावर विश्वास ठेवू नका.

दोन गोष्टींना नाही म्हणायची तयारी ठेवा. एक, सपाट फोमच्या शीटमधून कापलेली रिंग. तिला रोलच नसतो, त्यामुळे कोन हलायला जागा मिळत नाही. रोल साच्यात गरम दाबून घडवलेलाच हवा. दुसरी गोष्ट म्हणजे "पूर्ण रिकोन करून देतो, स्वस्तात." रिकोनमध्ये मूळ कोन, स्पायडर आणि कॉइल कापून टाकतात आणि दुकानात असेल तो कोन बसवतात, बहुधा पीए स्पीकरचा. स्पीकर वाजतो, पण तो तुमचा स्पीकर राहत नाही. कॉइल जळलेली नसेल तर "फक्त एज बदला, कोनला हात लावू नका" असं स्वच्छ सांगा. ड्रायव्हर दुकानात ठेवून येणार असाल तर मॅग्नेटवर आणि कोनच्या मागच्या बाजूला पेनने खूण करून ठेवा.

चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जुने स्पीकर दिसतात. तिथून रिंग मिळेल ही आशा सोडा, कारण त्यांचाही फोम तुमच्याइतकाच म्हातारा असतो. पण फुटलेल्या डस्ट कॅपसाठी, कडेच्या पुठ्ठ्याच्या गॅस्केटसाठी किंवा जळलेल्या ड्रायव्हरची जोडी लावण्यासाठी ती जागा चांगली. शुक्रवारी मात्र तिथली नेहमीची दुकानं बंद असतात.

लॅमिंग्टन रोडवर मिळत नाहीत त्या विशिष्ट मॉडेलच्या रिंगा. जेबीएलच्या 2235एच सारखे पंधरा इंची ड्रायव्हर, किंवा आखाती देशांतून आलेले सोनीचे एपीएम स्पीकर, ज्यांचे वूफर चक्क चौकोनी आणि सपाट असतात. या चौकोनी वूफरना तर बाजारातली कुठलीही गोल रिंग बसणार नाही. अशा रिंगांसाठी अमेरिका आणि युरोपातल्या, फक्त स्पीकर दुरुस्तीचं सामान विकणाऱ्या दुकानांकडे वळावं लागतं. ऑर्डर देताना पेटीवरचं मॉडेल नको, ड्रायव्हरच्या मॅग्नेटमागे छापलेला नंबर द्या. एकाच मॉडेलच्या पेटीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे वूफर बसवलेले असतात. जुन्या अमेरिकी ड्रायव्हरवर आकड्यांचा शिक्का असेल तर त्याचे पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचा कोड असतात: 137 म्हणजे सीटीएस, 220 म्हणजे जेन्सन. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. एवढ्यावरून विक्रेता नेमकी रिंग काढून देतो.

परदेशी पार्सलवर कस्टम ड्युटी आणि जीएसटी लागू शकतो आणि कुरियरवाले केवायसी मागतात, हा खर्च धरूनच हिशेब करा. रिंगा दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट पाठवा, घडी घालू नका, असं ऑर्डरमध्येच लिहा. घडीची सुरकुती फोममधून जात नाही आणि पुढे तिथेच चीर पडते. सॉल्व्हंटवाला ज्वलनशील गोंद विमानाने येत नाही, तो इथेच घ्यावा.

रिंग हातात घेतल्यावर

चिमटीत रोल हलका दाबून सोडा. चांगला फोम लगेच मूळ आकारात येतो आणि पांढरट रेघ उमटत नाही. बोटांना चिकट लागला तर रिंग शिळी आहे. मोबाईलचा टॉर्च मागून लावा, सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर नको. तोंड लावून फुंकर मारून पाहा, हवा सहज आरपार जाता कामा नये. सीलबंद पेटीच्या स्पीकरमध्ये आतली हवा हीच कोनची स्प्रिंग असते आणि गळका फोम ती स्प्रिंग सैल करतो. जाडी सगळीकडे सारखी हवी. साच्यातून वाकडी निघालेली रिंग एका बाजूला जाड आणि दुसरीकडे कागदासारखी पातळ असते, ती कोनला कायम एकाच अंगाला ओढते. सोनाराच्या छोट्या काट्यावर दोन्ही रिंगा तोलून पाहा. दोन्ही स्पीकरच्या रिंगा एकदम, एकाच लॉटमधल्या घ्या, एकाच स्पीकरचा फोम गेला असला तरी. दुसऱ्याचा त्याच वयाचा आहे.

चिकटवताना

जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून अंगठ्याने रगडत काढा. थिनर नको, तो कोनवरचा लेप आणि प्लास्टिकचा कोन दोन्ही खातो. या सगळ्या वेळात मॅग्नेटवर आणि गॅपच्या आसपास मास्किंग टेप लावून ठेवा, लोखंडाचा एक कणही गॅपमध्ये गेला तर बाहेर काढणं मुश्कील.

कागदी कोनला पाण्यावर आधारलेला, वाळल्यावर लवचिक राहणारा स्पीकरचा पांढरा गोंद उत्तम. सुताराचा पांढरा गोंद चिकटतो, पण कडक वाळतो आणि पावसाळ्यात नरम पडतो. कॉन्टॅक्ट अधेसिव्ह पक्का असतो, पण टेकवल्यावर एक मिलिमीटरही सरकवता येत नाही, तो सरावाच्या हातालाच द्यावा. झटपट चिकटणारा इन्स्टंट गोंद फोमला काचेसारखा कडक करतो, तो लांबच ठेवा. पॉलिप्रॉपिलीनच्या गुळगुळीत कोनवर पांढरा गोंद धरत नाही. तिथे कड बारीक सँडपेपरने खरवडून, प्लास्टिकसाठीचा प्रायमर लावून सॉल्व्हंटवाला गोंद वापरावा लागतो.

आधी रिंग फक्त कोनला चिकटवा. ओठावर बोटाने दाबत गोल फिरा आणि पूर्ण वाळू द्या. दुसऱ्या दिवशी बाहेरची कड. आता कॉइल गॅपच्या नेमक्या मध्यात हवी. डस्ट कॅप कापून काढली असेल तर जुन्या एक्स-रे फिल्मच्या सेंटीमीटरभर रुंद चार पट्ट्या कॉइल आणि मधल्या पोलच्या (मॅग्नेटच्या मधल्या लोखंडी खांबाच्या) फटीत चार दिशांना सरकवा. हलक्या घर्षणाने बसणारी जाडी बरोबर. कॅप कापायची नसेल तर अँप्लिफायर अगदी बारीक ठेवून मोबाईलमधून 30 हर्ट्झचा टोन द्या. कोन दोन-तीन मिलिमीटर हलत असताना कड इकडेतिकडे सरकवत खरखर थांबेल ती जागा शोधा आणि तिथे दाबून धरा. त्यावर गॅस्केट चिकटवून कपड्यांच्या चिमट्यांनी चौफेर दाब द्या.

चोवीस तास हात लावू नका, जुलैत अठ्ठेचाळीस. मग 20 ते 200 हर्ट्झ टोन सावकाश फिरवत ऐका. फस्स आवाज आला तर कडेला कुठेतरी गोंद सुटला आहे, तिथे ओलसर बोटाने हवा शोधा आणि सुईने गोंद भरा. एकाच ठिकाणी खर्र येत असेल तर कॉइल घासते आहे. अशा वेळी गॅस्केट उचला, बाहेरची कड पाण्याने किंवा अल्कोहोलने नरम करून सोडवा आणि पुन्हा मध्य साधा. पाण्यावरचा गोंद वापरला असेल तर ही सोय राहते, रिंग फाटत नाही.